गर्दीचा नियम आणि एकटा उंदीर

वहिनींचा नेम म्हणजे निव्वळ विनोद. कागदाचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर तो डबा सोडून खोलीत कुठेही सापडायचा. लग्नाआधी एकदा त्यांनी मांजर हाकलायला चप्पल भिरकावली होती. ती लागली वडिलांच्या साहेबांना, आणि साहेब काही मांजराच्या शेजारी नव्हते, चक्क वहिनींच्या पाठीमागे बसले होते. आता ह्याला काय म्हणायचं? वहिनी त्याला नशीब म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

बाकी बाईंचं सगळं चोख. गल्लीच्या तोंडाशी त्यांची लाँड्री, पुढे काउंटर, मागे इस्त्रीची खोली, वर राहायची जागा. नवरा गेल्यावर धंदा एकटीनं ओढला, मुलगा वाढवला. तो आता मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे, वर्षातून एखाद-दुसरा महिना घरी. म्हणजे घरात दोघीच, सासू आणि सून. सून काउंटर सांभाळते, वहिनी इस्त्री. आणि वहिनी त्यांना सगळी गल्लीच म्हणते, त्यांच्याहून चांगला वीस वर्षांनी मोठा असलेला कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा.

सोमवारी लाँड्री बंद. दर सोमवारी दुपारी त्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या लांब टेबलाशी, चौघं जण खेळायला बसतात. खेळ असा, की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी काही करायला गेलं की ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. तलवार चालवायची? टाका फासा. ठरलेला आकडा किंवा त्याच्या वरचा पडला तर वार लागला, खालचा पडला तर हवेत. एवढंच. लोक ह्याच्यासाठी वेडे होतात, आणि ह्या चौघांना वेडे होऊन बरीच वर्षं झाली होती.

गोष्ट सांगायचे भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. त्यामुळे गोष्टीत धोक्याची जागा आली की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर पडायचा, धप्पकन. खेळणाऱ्यांना त्याचा फार उपयोग व्हायचा. पाय वाजला की पुढे काहीतरी भयंकर आहे हे समजायचं. नियमाच्या बाबतीत मात्र माणूस कर्दनकाळ. लाल दिवा म्हणजे लाल दिवा, मग रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. दुसरे दातांचे डॉक्टर, लाँड्रीच्या समोर ज्यांचा दवाखाना. ते खेळात मांत्रिक. सून तिरंदाज. आणि वहिनी? वहिनी योद्धा. डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी चिलखत आणि हातात दोन हातांनी उचलायची कुऱ्हाड. का, तर म्हणे जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले, खेळात तरी इस्त्री न लागणारे घालते.

तर अशा ह्या लोखंडी बाईचा इतक्या वर्षांत एकही वार धड लागला नव्हता. फासा टाकला की दोन, तीन, एक. राक्षस समोर उभा राहून जांभया द्यायचा. डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही त्याला वारा घालताय." वहिनी हसायच्या, पण मनात जळफळायच्या.

मग भाऊजींनी गर्दीचा नियम काढला. वहिनींची दया येऊन काढला असं डॉक्टर म्हणतात, भाऊजी कानांवर हात ठेवतात. नियम सोपा: शत्रू जितके जास्त, तितका वार लागायला सोपा. एकटा उंदीर असेल तर वहिनींच्या जड कुऱ्हाडीला वीसच पडायला हवा. चार उंदीर जास्त असले की एकोणीस चालेल, आठ जास्त असले की अठरा, आणि साठ उंदरांची झुंड असली की सहाही पुरे. कुऱ्हाड कुठेही फिरवा, कुणाला तरी लागणारच. उलटंही तसंच. साठ उंदीर तुटून पडले तर कितीही चिलखत घाला, चावणार. एकट्या उंदराला लोखंडात दात रुतवायला मात्र वीसच लागणार.

"चूक," डॉक्टर लगेच म्हणाले होते. "तुमच्या शिकवायच्या मैदानात एकच खांब आहे. एवढं मोकळं मैदान, आणि प्रत्येक शिकाऊ जाऊन त्यालाच धडकतो की नाही?"

"तो खांब आहे," भाऊजी शांतपणे म्हणाले. "उंदीर हलतो."

नियम लागू झाला, आणि पुढच्याच सोमवारी धान्याच्या कोठारात साठ उंदीर निघाले. अहाहा! वहिनींना काय चेव चढला म्हणता! सात पडला, लागला. नऊ पडला, लागला. खुर्चीवरून उठून त्या हातवारे करत होत्या, इस्त्रीची वायर पायात अडकली तरी पत्ता नाही. सून म्हणालीसुद्धा, "आई, हा नेम नव्हे, ही झाडलोट आहे." वहिनींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

पण नियमाची दुसरी बाजू असतेच. उंदीर मरत गेले तशी गर्दी विरळ झाली, आणि विरळ झाली तसा वार लागणं अवघड होत गेलं. त्या धुमाळीत डॉक्टरांचा मांत्रिक चावे खाऊन बेशुद्ध पडला. सुनेची तिरंदाज पाय घसरून कोठारातल्या विहिरीत पडली, तिथून तिला उंदीर काय, छप्परही दिसेना. शेवटी उरले दोघंच, म्हणजे वहिनी आणि एक उंदीर. त्या उंदरानं कोठाराच्या दाराची किल्ली गिळलेली. तो मेल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि दार उघडलं की मोहीम संपली.

वहिनींना वीस हवा. उंदरालाही वीस हवा. दोघांनाही पडेना. वार हुकला की उंदीर पोत्यांमागे पळायचा, मग भाऊजी एकेका पोत्याचं वर्णन करायचे, मग उंदीर सापडायचा, मग पुन्हा फासा. एका दुपारी जेमतेम चार-पाच वार. सोमवारमागून सोमवार गेले.

गल्लीभर बभ्रा झाला. लोक चादरी द्यायला यायचे आणि काउंटरवरूनच विचारायचे, "मेला का?" एक नवीन गिऱ्हाईक हे ऐकून घाबरून कपडे तसेच टाकून पळालं. पाववाल्यानं स्वतःचा उंदराचा सापळा आणून दिला. उंदीर गोष्टीतला आहे हे त्याला पाच वेळा समजावलं, तर म्हणाला, "असू दे की, ठेवा जवळ." बेशुद्ध डॉक्टर दर सोमवारी न चुकता यायचे. पण बेशुद्ध माणसाला बोलता येत नाही असा भाऊजींचा नियम, म्हणून ते नुसते बसायचे, चहा प्यायचे आणि भुवयांनी सल्ले द्यायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण सुनेनं बंदराच्या गावी भाड्यानं खोली बघितली होती. नवऱ्याचं जहाज महिन्या-दीड महिन्यानं तिथे लागतं, चार दिवस थांबतं, मग पुन्हा समुद्र. तिथे राहिलं तर ते चार दिवस तरी मिळतील, असं तिचं म्हणणं. म्हणणं रास्तच होतं. खोलीवाल्याला तिनं सांगितलं होतं, इथलं एक काम संपलं की येते. काम म्हणजे ही मोहीम. अर्धवट टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. "मोहीम संपली की मी निघेन, आई," ती म्हणाली, तेव्हा वहिनी शर्टाची कॉलर दाबत होत्या. "जा की," त्या म्हणाल्या. "तुला कोण धरून ठेवतंय?" आतून काळजात चर्र झालं होतं, पण तोंडातून निघालं ते हे. सासूच्या तोंडातून नेमकं नको ते निघतं. आणि मग ती कॉलर त्यांनी अशी काही दाबली की मालकाला ती उलगडायला ताकद लावावी लागली असणार.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सुनेला संशय येऊ लागला.

"आई, तुम्ही फासा टाकतच नाही, घरंगळत सोडता," एका सोमवारी ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम चुकता. मी जाऊ नये म्हणून."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम! आयुष्यभर जे जीव तोडून जमलं नाही, ते आता म्हणे मुद्दाम! "अगं, मला चुकायला मुद्दाम कशाला पाहिजे?" त्या ओरडल्या. "मी झोपेतसुद्धा चुकते! हे घे, बघ!" आणि रागारागानं फासा असा आपटला की तो टेबलावरून उडून पाण्याच्या बादलीत पडला. भाऊजींनी बादलीत वाकून बघितलं. "दोन," ते म्हणाले. दोघी आठवडाभर एकमेकींशी फक्त कपड्यांच्या पावत्यांपुरत्या बोलल्या.

त्यानंतरच्या सोमवारी सून आली तीच पदर खोचून. विहिरीत पडलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात का, असं तिनं आधी विचारून घेतलं. भाऊजींनी विचार करून सांगितलं, येतात, विहिरीतून आवाज वर जातो.

"काका, हा उंदीर आहे की उंदरीण?"

भाऊजी गडबडले. हे ठरलं नव्हतं. त्यांनी फासा टाकला. सम संख्या पडली तर मादी. सम पडली.

"मग ती गाभण असू शकते."

"सूनबाई, उगाच काहीतरी..."

"एवढं धान्य, एवढे उंदीर, बंद कोठार. असू शकते की नाही?"

असू शकते, हे भाऊजींना कबूल करावं लागलं. पुन्हा फासा. होती गाभण. पोटात किती? पुन्हा फासा. आठ.

"म्हणजे ती एकटी नाही," सून म्हणाली. "आठ जास्त आहेत. गर्दीच्या नियमानं आईंना आता वीस नको, अठरा पुरे."

बेशुद्ध डॉक्टरांच्या भुवया कपाळावर चढल्या. भाऊजी मात्र मान हलवू लागले. "पोटातली मोजायची नाहीत. ती दिसत नाहीत. वार लागायला सोपं होतं ते गर्दी पसरलेली असते म्हणून. ही पसरलेली कुठे आहे? बाहेरून एकच उंदीर."

"बाहेरून एकच?" सुनेचा आवाज चढला. "बाहेरून एकच असली म्हणून काय झालं? तिला पूर्वीसारखं पळता येतं का? दोन पोती ओलांडली की धाप लागते. वाकलं की गरगरतं. पाय सुजतात. सकाळी उठलं की कसलाही वास नको होतो, स्टार्चचा वास तर नाकात नुसता गेला तरी पोटात ढवळतं. कुणाला सांगायची सोय नाही, आणि म्हणे मोजायची नाहीत! मोजायचीच!"

भाऊजींची हलती मान थांबली.

"उंदराला स्टार्चचा वास?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"उंदरिणीला," सून म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरांना बोलायची परवानगी नव्हती, पण त्यांनी वहिनींकडे बघून आधी स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं, मग सुनेकडे, मग दोन्ही हात वर केले. गरज नव्हती त्याची. वहिनींना कळलं होतं. पंधरा दिवस ही पोरगी स्टार्चचं पातेलं दिसलं की बाहेर पायरीवर जाऊन उभी राहते, आणि आपण समजतोय की आपला राग आलाय म्हणून. केवढ्या आपण बावळट! जहाजावरच्याला तरी माहीत आहे का? नसेलच. मागच्या खेपेला येऊन गेला आणि आता कुठल्यातरी समुद्रात डाळीला नाही तर सूपला फोडणी देत असेल.

"मोजली," भाऊजी घसा खाकरून म्हणाले. माणूस कर्दनकाळ असला तरी दगड नव्हता. "पोटातलीही मोजली. वहिनी, अठरा. टाका."

आठ पडल्यापासून फासा वहिनींच्या हातात होता. तो इतका वेळ मुठीत धरून घामेजला होता.

"टाकू?" त्यांनी सुनेला विचारलं.

"टाका की," सून नाक पुसत म्हणाली. "मी कशाला अडवू?"

आता वहिनींनी ठेवायला हवा होता तो खाली. पण त्यांच्या मनात आलं, आपला कुठे लागतोय? आपण टाकू, दोन पडेल, सगळे हसतील, हिला जरा बरं वाटेल, मग वर नेऊन झोपवू. अशा विचारानं त्यांनी फासा टाकला. तो टेबलावर अंथरलेल्या चादरीच्या जळक्या डागाला अडखळला, एक गिरकी घेतली आणि थांबला.

अठरा.

"लागला!" वहिनी किंचाळल्या. दोन्ही हात वर करून त्या खुर्चीवरून उठल्या. "लागला! अहो लागला! बघा, बघा, अठरा! एकट्याला लागला, झुंडीला नाही!" डॉक्टर शुद्धीवर नसतानाही टाळ्या वाजवत होते. बाहेर पायरीवर कान लावून बसलेला पाववाला "मेला! मेला!" असं ओरडत गल्लीत पळाला. सगळ्या गडबडीत एक सून तेवढी हलली नव्हती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती फाशाकडे बघत होती.

वहिनींचे हात खाली आले. त्या बसल्या.

भाऊजी वाट बघत होते. वार ज्याचा लागला त्यानंच तो कसा लागला हे सांगायचं असतं. "सांगा, वहिनी," ते म्हणाले. "कुऱ्हाड कुठे बसली?"

वहिनींना कुऱ्हाडीचं काही सुचेना. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. "मी मुद्दाम नव्हते गं चुकत," त्या सुनेला म्हणाल्या. "शप्पथ. मला येतच नाही. पण चुकलं ना, की मला इतकं बरं वाटायचं, काय सांगू तुला. वाटायचं, चला, आणखी एक आठवडा मिळाला. जा म्हणाले ते उगाच म्हणाले. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू गेलीस तर मी ह्या घरात कुणाशी भांडू?"

एवढं बोलून त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. त्यामुळे पुढचं त्यांनी पाहिलं नाही. बाकी दोघांनी पाहिलं.

सुनेनं हात पुढे केला. एक बोट फाशावर ठेवलं, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, तो फासा फिरवला, वर एक येईपर्यंत.

टेबलाखाली भाऊजींचा पाय धप्पकन ब्रेकवर पडला. पडलेल्या फाशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम. एकदा डॉक्टरांनी चुकून लावला तर त्यांना महिनाभर बेडूक करून ठेवलं होतं. डॉक्टर श्वास रोखून बसले.

"चुकलं, आई," सून म्हणाली.

"अं?" वहिनींनी पदर बाजूला केला. फाशाकडे बघितलं. "अगं! अगं, माझा अठरा! माझा लागला होता! जन्मात एकदा..."

"एक पडलाय. खोलीवाल्याला मी संध्याकाळी नको म्हणून कळवते."

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी छताकडे बघत होते, पंखा बंद होता तरी. "मला काही दिसलं नाही," ते म्हणाले. "चष्मा पुसत होतो." चष्मा नाकावरच होता. "वहिनी, तुमचा फासा आहे. तुम्ही सांगा, काय पडलंय?"

वहिनींनी फासा हातात घेऊन जवळून बघितला, दूर धरून बघितला. एवढ्या वर्षांत एकट्याला लागलेला तो एकच वार.

"एक," त्या म्हणाल्या. "डोळे फुटलेत का सगळ्यांचे? एकच पडलाय. हुकला माझा." मग त्यांनी पाय लांब करून रिकामी खुर्ची सुनेकडे ढकलली. "त्याच्यावर पाय ठेव आधी. सुजतात म्हणालीस ना."

सुनेनं पाय वर घेतले. भाऊजींनी घसा साफ केला, कोठारातला त्यांचा तो गंभीर आवाज लावला.

"कुऱ्हाड हवेतून गेली," ते म्हणाले. "उंदरीण पोत्यांमागे निघाली." जरा थांबले. "सावकाश निघाली. कुणी घाई केली नाही."